नाकामागची ग्रंथी आणि आतली खोली

जानेवारी १९८५, संक्रांतीनंतरचा रविवार, दुपार. मुलुंड पूर्व, आमचं घर. प्रसंग हळदीकुंकवाचा.

हजर: सासूबाई, मी, माझी धाकटी जाऊ, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या पाच-सहाजणी. गैरहजर: माझा नवरा आणि दीर. दोघांना मी जेवण झाल्याबरोबर बाहेर काढलं होतं आणि पाच वाजेपर्यंत तोंड दाखवू नका म्हणून सांगितलं होतं.

कामाची वाटणी सकाळीच झाली होती. सासूबाईंनी बसायचं आणि बोलायचं. जावेने तबक घेऊन फिरायचं. मी दाराजवळ स्टुलावर बसून निघणाऱ्या प्रत्येकीला वाण द्यायचं. त्या वर्षी चहाच्या स्टीलच्या गाळण्या होत्या. बायका तिन्ही भिंतींना टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. जाऊ खोलीच्या मधोमध उभी राहिली, समोरच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि एकेकीला हळदकुंकू लावत गेली. दाराच्या एका अंगाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या, दुसऱ्या अंगाला मी. काकूंनी पदर सावरला, कपाळ पुढे केलं, आणि जाऊ त्यांच्या जवळून तशीच पुढे निघून गेली.

हळदीकुंकवात सवाष्णीला वगळणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. काकूंचा नवरा त्या वेळी वर तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचत बसलेला होता. सासूबाईंनी हाक मारली, जाऊ परत फिरली, ओशाळली, काकूंच्या कपाळाला दोनदा कुंकू लावलं. मग तबक देवापुढे नेऊन ठेवलं. मला लावलंच नाही.

मी गाळण्या वाटत राहिले. का लावलं नाही ते मला कळलंय, अशी माझी खात्री होती. तिला दिवस गेले होते आणि मला लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. गरोदर बाईने वांझेपासून लांब राहावं, हे तिच्या आईने कांदिवलीहून येऊन तिच्या कानात सांगितलं असणार. काकू मधल्या मध्ये सापडल्या. नेम माझ्यावर होता.

आता घर कसं होतं ते सांगते, कारण सगळं त्यावरूनच चाललं होतं. एक बाहेरची खोली, एक आतली खोली, स्वयंपाकघर. आतल्या खोलीत आम्ही दोघं, कारण आम्ही थोरले. बाहेरच्या खोलीत पडद्याआड दीर-जाऊ. स्वयंपाकघरात सासूबाई. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं की ज्या सुनेला आधी मूल होईल तिची आतली खोली. त्यात गैर काही नव्हतं. लहान मुलाला दार लावून झोपवायला जागा हवी. मी लगेच हो म्हटलं होतं. तेव्हा मी त्या शर्यतीत पाच वर्षं पुढे होते.

मी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काम करते. कोण आलं, कोण नाही, कोणाची पाळी कधी बदलली, कोणाच्या रजेचं काय झालं, हे बघणं माझं काम. घरातही तसंच. आमच्याकडे बाजूला बसणं पूर्ण पाळत नसत, पण त्या दिवसांत देवाला आणि गॅसला हात लावायचा नाही, एवढं सासूबाईंनी राखलं होतं. त्यामुळे घरातल्या दोन सुनांपैकी कोणाचे कधी येतात हे घरातल्या पुरुषांनाही कळायचं. जाऊ बाजूला बसली की तिची सकाळची पोळीभाजी माझ्याकडे यायची आणि मला ऑफिसला निघायला उशीर व्हायचा. नोव्हेंबरात ती बसली नाही. डिसेंबरातही नाही. मला उशीर झाला नाही, हे माझ्या सगळ्यात आधी लक्षात आलं.

मग एका सकाळी न्हाणीघरातून ती सासूबाईंना हळूच हाक मारताना मी ऐकलं. तिच्या ब्लाउजवर ओल आली होती. दूध. सासूबाई कोकणातल्या, पाच बाळंतपणं केलेल्या. त्यांना पुरावा मिळाला. बाहेर आल्या त्या हसतच. मी पोळ्या लाटत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "गो बाय, तुझ्या जावेच्या तोंडार तेज इलां, बघितलंस?"

मी बघितलं होतं. मला तेज दिसलं नव्हतं. मला ती ओढलेली दिसत होती.

तीन महिने पुरे होईस्तोवर कोणाला बोलायचं नाही, असा नियम. डॉक्टरही नको, कारण डॉक्टरकडे गेलं की बोललंच म्हणायचं. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची, घरातल्या घरात, फार गाजावाजा न करता, आणि त्यानंतर नाव नोंदवायचं. चोरओटीसाठी सासूबाईंनी हिरवी साडी आणली. दुकानात मला बरोबर नेलं, कारण कापडातलं मला कळतं. काठ जरीचा होता. मी हात लावून बघितला, चांगली आहे म्हटलं, आणि मनातल्या मनात आतल्या खोलीतलं कपाट मापून घेतलं, ते पडद्यापलीकडे मावेल का म्हणून.

तिच्याबद्दल एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. दिसायला नीटस. कोणाशीही पटकन बोलणारी, भाजीवालाही तिच्यासाठी कढीलिंब राखून ठेवायचा. माझ्याशी मात्र बोलताना 'वहिनी, तुम्ही' म्हणून अंतर ठेवून. मला तिचा राग नव्हता. ती होती तिच्या जागी मी असावं, एवढंच मला वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण विचारलं कोणी नाही.

हळदीकुंकवानंतर मी तिच्याकडे बारकाईने बघायला लागले. तिला मळमळ नाही. कसला वास सहन होत नाही असं नाही. सुकटही खाते. दाराच्या चौकटीला खांदा आपटते, सासूबाई म्हणतात, अशा दिवसांत घेरी येते. ओट्यावर तिच्या उजव्या हाताशी ठेवलेलं दुधाचं पातेलं ती कोपराने पाडते, सासूबाई म्हणतात, राहू दे. मी ताट घेऊन शेजारी बसले तरी माझ्याकडे वळून बघत नाही. रात्री कपाळाला बाम चोळून घेते, तो दीर चोळून देतो.

मला वाटलं, हिला काही झालेलं नाही. ही खोली मागतेय.

म्हणून मी सासूबाईंना म्हटलं की चोरओटीच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून आणते, पहिलटकरीण आहे, पुढे काही झालं तर आपल्यालाच बोल लागेल. बोल लागण्याच्या भीतीवर सासूबाई नेहमी तयार होतात. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटून मी तिला घेऊन घाटकोपरला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे माझी दोन वर्षांची फाइल होती. आधीच्या ठिकाणचे कागदही त्यांच्याकडेच होते. त्या बडबड्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, आणि पेशंटला घाबरवायचं नाही म्हणून सतत काहीतरी खात असल्यासारख्या तोंड हलवणाऱ्या. मी त्यांच्या टेबलाजवळ जावेच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसले. हीच खुर्ची माझी, नेहमीची.

बाईंनी तिला आत नेऊन तपासलं. बाहेर आल्या तेव्हा तोंड हलत नव्हतं. दिवस गेलेले नाहीत, म्हणाल्या. लघवी तपासून खात्री करू, पण नाहीत.

मला जे वाटलं ते मी लिहून ठेवत नाही, पण मापून ठेवलेलं कपाट मनातल्या मनात परत जागेवर लावलं.

जाऊ रडली नाही. म्हणाली, "मग दूध कसं येतं?"

बाईंनी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, दिवाळीपासून थोडं थोडं, लाजेने बोलले नाही. डोकं दुखतं का? रोज, कपाळात. मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली, तिच्या अगदी समोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. माझी बोटं हलताना दिसली की सांग." दोन्ही हात बाजूला पसरून त्यांनी तर्जन्या हलवायला सुरुवात केली आणि हळूहळू हात आत आणू लागल्या. खांद्यापर्यंत आणले. गालापर्यंत आणले.

"हलवा ना," जाऊ म्हणाली.

बाई केव्हाच्या हलवत होत्या.

त्यांनी हात खाली घेतले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या जाऊबाई कुठे आहेत गं?"

"बाहेर बसल्या असतील," ती म्हणाली, समोर बघत. मी तिच्या डाव्या हाताला, तिच्या पदराचं टोक माझ्या गुडघ्यावर येईल इतक्या जवळ बसले होते.

हळदीकुंकवाला दाराच्या दोन अंगांना बसलेल्या आम्ही दोघी तिला दिसलोच नव्हतो. काकू दिसल्या, कारण सासूबाईंच्या हाकेने ती मान वळवून त्यांच्याकडे गेली. माझ्यासाठी कोणी हाक मारली नाही.

मग बाईंनी आम्हाला ते समजावून सांगितलं. त्यानंतर शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, पण मला बाईंचं सांगणं कळलं, म्हणून तेच देते. मेंदूच्या तळाशी, मधोमध एक छोटा भाग असतो, हायपोथॅलॅमस. शरीरातली सगळी खबर तिथे येते: अंग तापलं का, तहान लागली का, भूक किती, धास्ती बसली का. त्याच्या खाली एका देठाला वाटाण्याएवढी ग्रंथी लोंबते, पिट्यूटरी. शाळेच्या पुस्तकात पीयूषिका म्हणतात ती. ती नाकाच्या मागे, कवटीच्या हाडातल्या एका खोगिरासारख्या खळग्यात बसलेली असते. वरचा भाग स्वतः आरडाओरडा करत नाही. तो अगदी थोडंसं रसायन बारीक रक्तवाहिन्यांतून खाली सोडतो, आणि ते मिळालं की ही ग्रंथी आपले हार्मोन रक्तात सोडते. त्यातलं एक गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावतं, एक मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, दोन अंडाशयांना. त्या आपापले हार्मोन तयार करतात. ते रक्तात पुरेसे झाले की खबर परत वर जाते आणि वरचे हुकूम कमी होतात.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या कारखान्यासारखं. खात्यात माल साठला की ऑफिस ऑर्डर थांबवतं. बाई म्हणाल्या, तसंच, फक्त इथे युनियन नाही.

पण दुधाचं उलटं आहे, त्या म्हणाल्या. बाकी सगळ्यांना हुकूम द्यावा लागतो. दूध आणणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, ते ग्रंथी आपण होऊनच सोडायला बघते, आणि वरचा भाग तिला सतत अडवून धरतो. बाळ झालं आणि प्यायला लागलं की तो हात सैल करतो. जावेच्या ग्रंथीत एक गाठ वाढली होती. साधी गाठ, पण ती प्रोलॅक्टिन तयार करत होती आणि कोणाचं अडवणं मानत नव्हती. त्यामुळे दूध. आणि प्रोलॅक्टिन फार झालं की वरून अंडाशयांकडे जाणारे हुकूम बंद पडतात, जणू घरात आधीच तान्हं मूल आहे. त्यामुळे महिने बंद. आणि त्या खोगिराच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ वर सरकली की तिथे दाबते, आणि दोन्ही बाजूंचं दिसणं आधी जातं. माणसाला ते कळतही नाही. त्याला वाटतं आपल्याला समोरचं सगळं दिसतंय.

"डोळे जातील का?" जावेने विचारलं.

"आत्ता आलीस म्हणून नाही," बाई म्हणाल्या. "आणि गोळी लागू पडली तर मूलही होईल."

घरी परतताना मी तिचा हात धरला, कारण रस्ता ओलांडायचा होता. ती दोनदा म्हणाली, वहिनी, तुम्ही आणलंत म्हणून. मी हूं म्हटलं. मी तिला खोटं पाडायला नेलं होतं आणि ती खोटी नव्हती. एवढाच हिशोब. पण मला खरं डाचत होतं ते दुसरंच. गोळी लागू पडली तर मूलही होईल, हे वाक्य. नऊ वर्षांत ते मला कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या नळ्या तपासल्या, रक्त तपासलं, पिशवी तपासली, प्रत्येक वेळी सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. ठीक असलेल्याला औषध नसतं. तिला कारण मिळालं होतं. नाव असलेलं, जागा असलेलं, एक्स-रेत दिसणारं कारण. आजारपणही तिलाच चांगलं मिळालं, असं माझ्या मनात आलं, आणि रस्ता ओलांडून झाल्यावरही मी तिचा हात धरून ठेवला होता, कारण उजवीकडून हातगाडी येत होती आणि ती तिला दिसत नव्हती.

पुढचं सगळं मी लावून दिलं. शहरात जायचे दिवस, कोण बरोबर जाणार, रक्त किती वाजता द्यायचं, कवटीचा एक्स-रे कुठे, स्कॅनसाठी नंबर कसा लावायचा. दीर हुशार माणूस, पण त्या दिवसांत दोन वाक्यं सरळ बोलू शकत नव्हता. एक्स-रेत ते खोगीर फुगलेलं दिसत होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं, मग म्हणाले, आधी गोळ्या देऊन बघू, नजर सुधारली तर ऑपरेशन टळेल.

गोळ्यांनी तिला खरी मळमळ सुरू झाली. इतके दिवस नव्हती, ती आता आली. सासूबाई तिच्या टाळूला तेल थापत. दीर रजा काढून तिच्यासमोर बसून तिला घास भरवी. आणि माझा नवरा, जो नळ्या तपासायला मी एकटी गेले तेव्हा घरी क्रिकेट ऐकत होता, तो रोज येताना मोसंबी आणायला लागला. मोसंबी सोलायचं काम माझं. मी एक फोड स्वतः खायची आणि मग ताटली पडद्याआड न्यायची.

तीन-चार आठवड्यांनी दुपारच्या जेवणाला मी तिच्या बाजूला बसले होते. ती समोर बघत भात कालवत होती. मान न वळवता म्हणाली, "वहिनी, तुमच्या कुड्या नव्या आहेत का?"

"तीन वर्षं जुन्या आहेत," मी म्हटलं.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. दीर उठून मोरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. मी मात्र जेवण पुरं केलं. तिची नजर परत येतेय याचा मला आनंद झाला, हे खोटं नाही. आणि त्याच घासाबरोबर मला हेही कळलं की आता उरलेलंही परत येणार.

एप्रिलात ती बाजूला बसली. माझ्या बाजूला बसण्यावर त्या घरात नऊ वर्षं उसासे टाकले गेले होते. सासूबाई देवापुढे बसून माझ्याकडे न बघता जपाची माळ ओढायच्या. तिच्या बाजूला बसण्यावर शिरा झाला. केळं घालून. मला वाटीभर देऊन सासूबाई म्हणाल्या, घे, तुझ्यामुळेच हा दिवस दिसला. शिरा चांगला झाला होता. मी दुसरी वाटी मागितली नाही.

दुसऱ्याच शनिवारी मी एकटी घाटकोपरला गेले आणि बाईंना सांगितलं, माझीही तीच तपासणी करा. पिट्यूटरीची. मला दूध येत नाही, डोकं दुखत नाही, सगळं दिसतं, हे मला माहीत आहे, तरी करा. बाईंनी वाद घातला नाही. कदाचित त्यांना कळलं असेल. प्रोलॅक्टिन, थायरॉइड, आणि अंडाशयाला हुकूम देणारे ते दोन्ही हार्मोन, सगळ्यांसाठी रक्त गेलं.

रिपोर्ट आला तो माझ्या ऑफिसच्या हजेरीसारखा चोख. प्रत्येक आकडा आपल्या रकान्यात. बाई म्हणाल्या, वरचा भाग वेळेवर सांगतो, ग्रंथी वेळेवर ऐकते, अंडाशय वेळेवर काम करतं, खबर वेळेवर परत जाते. असं सुरेख चालणारं शरीर क्वचित बघायला मिळतं. त्यांनी ते कौतुक म्हणून सांगितलं. मी इतकी नाराज कधीच झाले नव्हते. मी म्हटलं, बाई, नीट बघा, एखादा कमीजास्त असेल.

"नाही हो," त्या म्हणाल्या.

मी पर्स उचलली. मग, केवळ रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून, विचारलं, "ही ग्रंथी पुरुषांनाही असते का?"

बाईंचं तोंड हलायचं थांबलं. "असते की. आणि तेच दोन हार्मोन सोडते. बायकांत अंडाशयाला, पुरुषांत वृषणांना. नावंही तीच." मग माझी फाइल त्यांनी पहिल्या पानापासून उलटली, आधीच्या दोन डॉक्टरांचे कागदही. "मिस्टरांचं काहीच नाही यात?"

"त्यांना कोणी सांगितलं नाही."

"आणि तुम्ही?"

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही की सांगायचं असतं. बाईंनी चष्मा काढून पुसला. नमुना कसा द्यायचा, किती दिवस आधी काय पाळायचं, लॅबला किती वेळात पोचवायचा, ते त्यांनी मला सांगितलं, जसं मी ऑफिसात नव्या माणसाला कार्ड कसं पंच करायचं ते सांगते, तशाच आवाजात. मी सगळं नीट ऐकलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला करण्यासारखं काम मिळालं होतं, फक्त ते दुसऱ्याने करायचं होतं.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी आतल्या खोलीत सांगितलं. दार लावून. वरचा भाग, ग्रंथी, दोन हार्मोन, सगळं क्रमाने. तो पलंगावर मोजे काढत होता.

"मला काय दूध येतंय का?" तो म्हणाला.

मी हसले, कारण ते हसण्यासारखंच होतं. मग मी परत विचारलं. तो म्हणाला, बघू, ऑफिसातलं ऑडिट संपू दे. सासूबाईंच्या कानावर गेलं, कसं ते माहीत नाही, भिंती पातळ होत्या. त्या म्हणाल्या, "पुरुषाक कसली तपासणी गो?" आणि वर हेही म्हणाल्या की त्याच्या बापाला पाच झाली. जणू ती पाच त्याच्या खात्यावर जमा होती.

पुढच्या वर्षी जावेला दिवस गेले. या वेळी लघवी तपासली, रक्त तपासलं, बाईंनी गोळ्या थांबवल्या आणि दर महिन्याला ती समोर नाकाकडे बघत बसायची आणि बाई बोटं हलवायच्या. ती दर वेळी खांद्याच्याही बाहेर असताना सांगायची, दिसलं. मी शेजारच्या खुर्चीत बसून बघायची. हिरव्या साडीत तिची चोरओटी भरली. ओटी भरायला सासूबाईंनी मला पुढे केलं. मी तांदूळ, खण, नारळ, केळी, सगळं व्यवस्थित घातलं. वाकताना तिने मला हळूच विचारलं, "वहिनी, मोठ्या भावोजींना मी सांगून बघू का? माझं ऐकतील."

ऐकलं असतं. मोसंबी आणणाऱ्या माणसाने तिचं ऐकलं असतं. म्हणूनच मी नको म्हटलं.

मुलगी झाली. नाकाने माझ्या सासूबाईंवर गेली आहे. बारशाच्या आदल्या रविवारी मी आतली खोली रिकामी केली: कपाट, पलंग, नवऱ्याचा रेडिओ, माझी शिलाई मशीन. कोणी सांगायच्या आत केली, म्हणजे सांगायचं कोणाला जड गेलं नाही. कपाट पडद्यापलीकडे मावलं, चार बोटं जागा उरली. आता आम्ही बाहेर झोपतो. मुलगी उठते तेव्हा आतून आधी तिचा आवाज येतो, मग जावेच्या बांगड्या, मग शांतता. त्या शांततेत तिच्या आतला कोणता हात सैल होतो आणि कोणती ग्रंथी काय सोडते, हे मला घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. जावेलाही इतकं माहीत नाही. तिला गरजही नाही.

हे लिहितेय ते १९८९. मी सदतीस वर्षांची आहे. बाईंना परवा विचारलं, त्या म्हणाल्या, वेळ गेलेली नाही, पण रेंगाळू नका. ऑडिट दर वर्षी संपतं आणि दर वर्षी परत लागतं. मधे एकदा नवरा तयार झाला होता, मग त्याच आठवड्यात मित्राच्या मुलीचं लग्न निघालं. मी लॅबमध्ये जाऊन विचारून आले. रविवारी सकाळी उघडी असते, स्टेशनच्या पलीकडे, चालत दहा मिनिटं, म्हणजे नमुना वेळेत पोचायचा प्रश्न नाही. रुंद तोंडाची बाटली त्यांनी दिली आहे. झाकणावर नवऱ्याचं नाव मी माझ्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे. जायचं राहिलंय.